चार्ली वॉट्सचं वाजवणं इतकं साधं, मग जमत का नाही?

ओंकार_नाशिक:

नमस्कार. कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. आधी चार वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवत होतो, त्यामुळे हातात वेग आहे, रोलची भीती वाटत नाही. यंदाच्या गॅदरिंगला रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचं 'हॉंकी टॉंक विमेन' घेतलंय. आमचा गिटारवाला म्हणाला, तुला तर हे एका संध्याकाळी येईल. ठोके खरंच एका संध्याकाळी आले. पण गाणं काही उभं राहत नाहीये. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) लावून वाजवलं की ताठ वाटतं. मूळ रेकॉर्डबरोबर वाजवलं की अर्ध्यात मी मागे पडतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं, कुठेही ठोका चुकलेला नाही, तरी ऐकवत नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. स्टोन्सच्या चार्ली वॉट्सला एवढा मोठा ड्रमर का मानतात? लांबलचक सोलो नाही, डबल बास ड्रम नाही, फिल (ओळींच्या मधल्या छोट्या भरणी) सुद्धा मोजके. आणि त्याच्यासारखं वाजायला नेमका रियाज काय करायचा?

गिरगावचा_ठेका:

ओंकार, आधी मेट्रोनोम बंद कर. त्या रेकॉर्डवर लय एकसारखी नाहीच. १९६९ चं हे गाणं ज्या लयीत सुरू होतं त्यापेक्षा संपताना चांगलंच जलद झालेलं असतं, म्हणून तू मागे पडतोस. सुरुवातीला जी काउबेल (काठीने वाजवायची धातूची घंटा) ऐकू येते ती चार्लीची नव्हे, ती त्यांचा निर्माता जिमी मिलर वाजवतोय. आधी काउबेल एकटी, मग तिच्यावर चार्ली येतो, मग कीथ रिचर्ड्सची गिटार. तिघंही आपापल्या अंदाजाने आत शिरतात आणि मग एकमेकांना ओढत पुढे नेतात. पुन्हा नीट ऐक, काउबेल आणि ड्रम एकमेकांवर तंतोतंत बसतच नाहीत. आजच्या स्टुडिओत कोणी ते कॉम्प्युटरवर माउसने सरकवून सरळ करेल आणि गाण्याचा जीव जाईल.

आता हाताबद्दल, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. साधा रॉकचा ठेका आपण सगळे कसा वाजवतो? उजवा हात हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या दोन थाळ्या) आठ ठोके, एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. डावा हात दोन आणि चारवर स्नेअर (समोरचा करकरीत आवाजाचा ड्रम). म्हणजे दोन आणि चारला हाय-हॅट आणि स्नेअर एकदम पडतात. चार्ली ते दोन ठोके हाय-हॅटवर वाजवतच नाही. स्नेअर पडायच्या क्षणी त्याची उजवी काठी वर उचललेली असते. आठाऐवजी सहाच ठोके उरतात. सत्तरच्या दशकानंतरच्या चित्रफिती बघ, ही लकब अगदी ठळक दिसते.

याने होतं काय? एक तर स्नेअर एकटं वाजतं, त्याच्यावर पत्र्याचा आवाज चढलेला नसतो, त्यामुळे ते आहे त्याहून मोठं ऐकू येतं. दुसरं, उजवा हात डाव्यावरून आडवा गेलेला असतो, तो वर उचलला की डाव्याला खाली यायला मोकळी वाट मिळते. तिसरं कागदावर लिहून दाखवता येत नाही: काठी उचलून परत खाली आणण्यात जो श्वास जातो, त्याने स्नेअर किंचित मागे बसतं. तुझ्या मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये हाच श्वास नाहीये.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ७ एप्रिल २००३ ला स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, त्याआधी बंगळुरूला. मी तेव्हा ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचो, गणपती-नवरात्रात महिनाभर झोप नाही असे दिवस. मामाची दुर्बीण मागून नेली होती. गायक मिक जॅगर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता आणि सगळ्यांच्या माना त्याच्यामागे फिरत होत्या. मी दुर्बीण ड्रमवरून हलवली नाही. एकसष्ट वर्षांचा माणूस, पाठ सरळ, चेहऱ्यावर काहीही नाही. पुढ्यात एक छोटा टॉम (स्नेअरहून खोल आवाजाचा ड्रम), बाजूला जमिनीवर उभा एक फ्लोर टॉम, एक किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), एक स्नेअर, मोजक्या सिंबल. आमच्या ऑर्केस्ट्रात माझ्याकडे त्याहून जास्त सामान होतं. आणि ते मनगट प्रत्येक दोनला आणि चारला वर जात होतं, गाणं कुठलंही असो. सगळं स्टेडियम त्या मनगटावर डोलत होतं आणि बहुतेकांना ते दिसतही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या सेटवरचे दोन टॉम काढून ठेवले. आजही माझ्या विद्यार्थ्यांना पहिलं वर्षभर एकाच टॉमवर ठेवतो.

सात_बाय_आठ:

तुमचा अनुभव आवडला, पण मला हे पटत नाही. त्याच काळात लेड झेपेलिन बँडचा जॉन बॉनम होता. 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' ऐका, १९६९ चंच आहे. एका पायाने, एका पेडलवर किकचे ते तीन-तीनच्या गटातले ठोके. 'द हू'चा कीथ मून होता. नंतर 'रश'चा नील पर्ट आला. यांच्यासमोर वॉट्सकडे तयारी काय होती? चांगल्या बँडमध्ये होता म्हणून नाव झालं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. दोन ठोके कमी-जास्त करण्याला एवढी मोठी गोष्ट कशाला म्हणायचं?

गिरगावचा_ठेका:

बॉनमबद्दल एक अक्षर वावगं बोलणार नाही. त्याचा उजवा पाय हे एक आश्चर्य होतं आणि त्याच्या स्नेअरच्या आवाजामागे आम्ही सगळे वर्षानुवर्षं लागलो होतो. पण चार्लीची तयारी रॉकमध्ये शोधलीत तर सापडणार नाही. ती जॅझमध्ये आहे.

त्याची सुरुवात बघा. जन्म लंडनचा, २ जून १९४१. वडील रेल्वेच्या मालवाहू ट्रकवर ड्रायव्हर. पोरवयात जॅझवाल्या गेरी मलिगनच्या एका रेकॉर्डवर ड्रमर चिको हॅमिल्टनचं ब्रशचं (तारांच्या काठ्यांचं) काम ऐकलं आणि याने घरातल्या बॅन्जोची मान काढून टाकली, उरलेल्या गोल भागाचा स्नेअर केला. १९५५ मध्ये आई-वडिलांनी पहिला ड्रमसेट घेऊन दिला, त्यावर तो जॅझच्या रेकॉर्ड लावून बसायचा. शेजारच्या घरात डेव्ह ग्रीन नावाचा मुलगा होता, तो पुढे नावाजलेला बास वाजवणारा झाला आणि शेवटपर्यंत चार्लीसोबत जॅझ वाजवत राहिला. चार्ली चित्रकलेच्या शाळेत गेला, जाहिरातींसाठी ग्राफिक डिझायनर म्हणून नोकरी करत होता, आणि जॅझचा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याच्यावर त्याने एक छोटं सचित्र पुस्तकही काढलं, १९६४ मध्ये ते छापलं गेलं. जानेवारी १९६३ मध्ये स्टोन्समध्ये आला तेव्हा तो अलेक्सिस कॉर्नरच्या ब्लूज बँडमध्ये वाजवून आलेला होता आणि त्या पोरांना तो परवडतही नव्हता.

तेव्हा हा माणूस रॉकमध्ये पाहुणा म्हणून आला आणि अठ्ठावन्न वर्षं राहिला. डाव्या हाताची पकड बघा, काठी अंगठ्याच्या बेचक्यात आडवी, जॅझवाल्यांची. आवाज काढायचा तोही त्यांच्याच मापाचा. १९५७ चा ग्रेच कंपनीचा सेट, बावीस इंची किक, बारा इंची टॉम, सोळा इंची फ्लोर टॉम. स्टेडियम कितीही मोठं झालं तरी सेट वाढला नाही.

आणि तुम्ही नील पर्टचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकात, जगातला सर्वात तयारीचा रॉक ड्रमर म्हणून नाव झाल्यावर, तो फ्रेडी ग्रुबर नावाच्या जॅझमधल्या गुरूकडे शिकायला गेला आणि तीच जुनी पकड नव्याने शिकला. त्याला स्वतःच्या वाजवण्यात जी लवचिकता हवी होती ती चार्लीच्या हातात पहिल्या दिवसापासून होती. म्हणून मला हे दोघं एकमेकांविरुद्ध उभे करायला आवडत नाही.

आपल्याकडेही हे घडलंय. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये बुजी लॉर्ड, फ्रॅंको वाझ यांच्यासारखे पाश्चात्त्य वाजवण्यात मुरलेले हात होते. गाण्यात ड्रम कुठे आहे हे लोकांच्या लक्षातही येत नाही, पण तो काढून घेतला तर गाणं कोसळतं. ऑर्केस्ट्रात ती गाणी वाजवताना सगळ्यात अवघड काय असेल तर मुखड्याखालचा तो साधा ठेका. फिल कोणालाही पाठ होतात.

डग्गा_आणि_मी:

मी तबला वाजवतो, ड्रममधलं कळत नाही, पण हे दोन-आणि-चारचं वाचून राहवलं नाही. केरव्यात पहिल्या चार मात्रांत डग्गा बोलतो आणि 'खाली' (तालातली रिकामी मात्रा) आली की डग्गा गप्प. त्या गप्प बसण्यामुळे पुढची सम वजनदार लागते, सम जोरात वाजवल्यामुळे नव्हे. तुमचा चार्ली उलट करतोय, वजनाच्या जागेवरच दुसरा आवाज काढून घेतोय. पण जाणीव तीच आहे की वजन जोराने येत नाही, शेजारी मोकळी जागा असली की येतं.

एक विचारायचं आहे. साथ करताना आम्ही गवयाच्या मागे असतो, लय गवयाच्या हातात. रॉकमध्ये मी ऐकलंय की ड्रमर म्हणजे बँडचा चालक. चार्ली कुणाच्या मागे जायचा?

गिरगावचा_ठेका:

फार नेमका प्रश्न. बहुतेक बँडमध्ये तुम्ही म्हणता तसंच असतं, ड्रमर लय धरतो आणि बाकीचे त्याच्यावर बसतात. स्टोन्समध्ये लय कीथच्या गिटारमध्ये होती. चार्ली कीथचा उजवा हात ऐकून वाजवायचा. त्यांचा बासवाला बिल वायमन याने हे स्वतः सांगितलंय: कीथ पुढे, त्याच्या केसभर मागे चार्ली, आणि बास आपली तिसरी जागा धरून. त्यामुळे तो बँड कायम तुटेल तुटेल असा वाटतो आणि तुटत नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर चार्ली साथीला बसला होता. त्याच्या जागी नुसता पक्का ड्रमर बसवला असता तर कीथची गिटार त्याच्या चौकटीत अडकली असती.

ओंकार, तुझ्या बँडमध्ये गिटारवाला तुझ्याकडे बघून वाजवतो का? तसं असेल तर या एका गाण्यापुरतं उलटं करून पाहा. तू त्याच्या हाताकडे बघ.

टेम्सकाठची:

वाचत होते, मग लिहायचं ठरवलं. मी मूळची सांगलीची, बरीच वर्षं लंडनमध्ये आहे. हाइड पार्कला जुलै २०१३ मध्ये स्टोन्सना ऐकलं, पण मला त्याहून जवळचं वाटलेलं सांगते. स्टोन्सच्या दौऱ्यांच्या मधल्या काळात चार्ली एका छोट्या बुगी-वुगी (पियानोवरचं जलद ब्लूज) गटात वाजवायचा. दोन पियानो, अ‍ॅक्सेल त्स्विंगेनबर्गर आणि बेन वॉटर्स, बासवर तोच शेजारचा डेव्ह ग्रीन. चौघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून गटाचं नाव एबीसी अँड डी. एका लहानशा क्लबात मी त्यांना ऐकलं. माझ्या खुर्चीपासून ड्रम इतके जवळ होते की ब्रश स्नेअरवर गोल फिरताना होणारा सर्रर्र आवाज मायक्रोफोनशिवाय येत होता. दोन पियानो जोरात चालले की तो आणखी हळू वाजवायचा आणि का कोण जाणे, तरीही तोच आधी ऐकू यायचा. अंगात शिवून घेतलेला सूट, टाय. गाणं संपलं की टाळ्या पियानोवाल्यांकडे हाताने वळवायचा.

इथल्या लोकांना त्याच्याविषयी जिव्हाळा होता तो स्टोन्सपेक्षा वेगळा. २००४ मध्ये घशाच्या कॅन्सरवर उपचार घेऊन पुढच्या वर्षी दौऱ्यावर परत आला तेव्हा आमच्या वॉर्डातल्या नर्सेसही त्याच्याबद्दल बोलायच्या, मी रुग्णालयात काम करते म्हणून लक्षात राहिलं. त्याचं आणि शर्लीचं लग्न १९६४ चं, शेवटपर्यंत टिकलेलं. डेव्हनमध्ये दोघांचा अरबी घोड्यांचा फार्म. आणि दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात झोपला त्या प्रत्येक पलंगाचं चित्र काढायचा, १९६७ पासून. २४ ऑगस्ट २०२१ ला तो गेला, तेव्हा मी रात्रपाळीहून घरी येऊन झोपले होते, बहिणीने सांगलीहून फोन करून उठवून सांगितलं.

सात_बाय_आठ:

काल रात्री हेडफोन लावून 'गिमी शेल्टर' आणि 'बीस्ट ऑफ बर्डन' लागोपाठ ऐकली, फक्त स्नेअरकडे लक्ष देऊन. 'बीस्ट ऑफ बर्डन'मध्ये दोन गिटार एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि ड्रम त्यांच्यामध्ये कुठेही येत नाहीत, हे इतक्या वर्षांत जाणवलं नव्हतं. बॉनम माझा आवडता राहीलच. पण वॉट्स बँडमुळे मोठा झाला हे आता म्हणवत नाही. अजून काय ऐकू?

गिरगावचा_ठेका:

आनंद झाला. ही काही गाणी घ्या, क्रम मनाला येईल तो.

'सॅटिस्फॅक्शन', १९६५. इथे स्नेअर दोन-चारवर नाही, चारही मात्रांवर पडतं, सबंध गाणं. वाजवून बघा, दुसऱ्या कडव्यापर्यंत हात काहीतरी सजावट करायला शिवशिवतो. त्याने केली नाही.

'गेट ऑफ ऑफ माय क्लाउड', तेही १९६५ चं. इथे गाणं सुरूच ड्रमने होतं आणि तोच फिल पुन्हा पुन्हा येत राहतो. गिटारचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी ओळ) असतो तसा हा ड्रमचा रिफ.

'स्ट्रीट फायटिंग मॅन', १९६८. याची गोष्ट मला फार प्रिय आहे. कीथने अकूस्टिक गिटार घरगुती कॅसेट रेकॉर्डरवर घेतली, आवाज फाटेल इतका जवळून. चार्लीने त्याच्यासोबत १९३० च्या दशकातला, छोट्या पेटीत मावणारा सरावाचा सेट वाजवला, जवळजवळ खेळणंच. रेकॉर्डवर ते केवढं अजस्र ऐकू येतं बघा.

'मिस यू', १९७८. किक चारही मात्रांवर, डिस्कोच्या काळातलं. सगळे डिस्को ड्रमर हाय-हॅटवर कसरत करत होते, याने नाचायला जागा ठेवली.

आणि 'यू कान्ट ऑलवेज गेट व्हॉट यू वॉन्ट' मात्र चार्लीचं नव्हे. त्यावर ड्रम जिमी मिलरने वाजवलेत. रेकॉर्डिंगच्या वेळी मिलरच्या डोक्यात जो ठेका होता तो चार्लीला हवा तसा लागेना, तेव्हा त्याने मिलरला बसू दिलं. बँडमधला स्वतःचा स्टूल दुसऱ्याला देणं किती ड्रमरना जमेल? माझ्या ओळखीत फार थोडे.

ओंकार_नाशिक:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. गिरगावकर काका, तुम्ही सांगितलं तसं हाय-हॅट उचलायचा प्रयत्न दोन दिवस करतोय. जमतंय, पण मग उरलेले सहा ठोके वाकडे व्हायला लागले. पथकात ताशावर सतत काठी खाली असायची, सवय तीच आहे. आणि डाव्या हाताची जुनी पकडही घेऊ का? गॅदरिंगला तीन आठवडे आहेत.

गिरगावचा_ठेका:

पकड आत्ता बदलू नकोस, तीन आठवड्यांत ती हातात बसणार नाही आणि मनगट दुखेल. तू आहेस त्या पकडीनेच हे येईल. चार्लीच्या पकडीमागे त्याचं सगळं जॅझ आहे, ते नंतर शिक आणि जरूर शिक, कुणाच्या तरी समोर बसून.

सहा ठोके वाकडे होतात कारण तू हाय-हॅट 'गाळतोयस'. हात थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. थांबू नकोस. उजवा हात आठही वेळा हालला पाहिजे, दोनदा फक्त हवेत. सेटवरून उठ, सतरंजीवर उशी घेऊन बस. उजवा हात उशीवर आठ, सावकाश, तोंडाने मात्रा मोजत. मग दोन आणि चारला तोच हात तेवढ्याच वेगाने उशीच्या वरून जाऊ दे, टेकवू नकोस. डावा मांडीवर. रोज दहा मिनिटं हेच कर, किक नाही, गाणं नाही. हात न थांबता हवेतून जायला लागला की सेटवर जा. ताशातला वेग इथे तुझ्या कामाला येईल, कारण हात सैल असल्याशिवाय तो वेग आलाच नसता.

मग स्नेअर. कडेवर मारू नकोस, मधोमध मार, पण खांद्यातून नाही. चामडं थोडं सैल ठेव. कॉलेजचा सेट असेल तर कोणीतरी ते कडक आवळून ठेवलेलं असणार, किल्ली घेऊन प्रत्येक बोल्ट अर्धा फेरा सोड आणि ऐक.

मग एक दिवस फक्त तू आणि गिटारवाला, बाकी कुणाला बोलावू नका. त्याला रिफ वाजवू दे, तू त्याच्या मनगटाकडे बघून आत ये. गाणं पुढे पळालं तर पळू दे, दोघं मिळून पळत असाल तर तेच हवंय. काउबेल बासवाल्याच्या हातात देऊ नका, त्याला दोन्ही सांभाळणं जमणार नाही. गाणारा वाजवेल, सुरुवातीला तसंही त्याला काम नाही.

आणि हो, स्टीव्ह जॉर्डनलाही ऐक. चार्ली आजारी पडल्यावर २०२१ च्या दौऱ्यात तो बसला, आधी कीथच्या स्वतंत्र बँडमध्ये वाजवायचा. तीच गाणी, लय जास्त पक्की, स्नेअर जास्त जड. 'हॅकनी डायमंड्स' या २०२३ च्या अल्बममध्ये बहुतेक गाण्यांवर जॉर्डन आहे, पण 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द स्वोर्ड' या दोनवर चार्ली आहे, आधी करून ठेवलेलं रेकॉर्डिंग. नावं न बघता ओळखून बघ कुठे कोण आहे. तालमीचं रेकॉर्डिंग झालं की इथे टाक, मी ऐकून सांगेन.